शेकाट्याचे पाय नागमोडी का येतात? हिवाळ्यात खाडीवरचे फोटो सॉफ्ट पडण्यावर इलाज

जानेवारी उजाडला की माझ्याकडे फोन पुढे केले जातात. कधी सोसायटीतली शेजारीण, कधी ऑफिसातला कुणी, कधी भाच्याचा मित्र. फोटो बहुतेक एकच असतो: नवी मुंबईत सीवूड्सच्या नाहीतर ऐरोलीच्या बाजूने ठाणे खाडीवर टिपलेला रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा. रंग बरे असतात, मांडणीही वाईट नसते, पण मोठं करून बघितलं की पिसांच्या जागी पीठ सांडल्यासारखं दिसतं आणि डोळा म्हणजे नुसता डाग. यालाच फोटोवाले सॉफ्ट म्हणतात. मग प्रश्न येतो, "ताई, लेन्स बदलू का?"

मी उलट विचारते, "त्याच दिवशीचा शेकाट्याचा फोटो आहे का?"

शेकाट्या सगळ्यांना माहीत असतो. काळे पंख, पांढरं पोट, आणि अगरबत्तीच्या काडीसारखे लांबलचक गुलाबी-लाल पाय. पाण्यात उभा असला की ते पाय पट्टीने आखल्यासारखे सरळ असतात. फोटोत तेच पाय शेवयांसारखे नागमोडी आले असतील तर लेन्स बदलू नका, कॅमेराही बदलू नका. तुमच्या आणि पक्ष्याच्या मधल्या हवेने तो फोटो बिघडवलाय. नव्वद हजारांची लेन्स घेतलीत तर तीच नागमोड जास्त स्पष्ट दिसेल, एवढाच फरक.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जुनी १५०-६०० मिमीची झूम लेन्स घेतल्यावर पहिले तीन हिवाळे मी सगळा दोष माझ्या हातांना आणि त्या लेन्सला देत होते. ट्रायपॉड घेतला. पुढचा फिल्टर काढून टाकला. शटर स्पीड १/५००वरून १/२०००वर नेला, आयएसओ वाढला, फोटो दाणेदार झाले आणि सॉफ्टही राहिले. शेवटी लेन्स दुरुस्तीला दिली. पंधरा दिवसांनी "काहीच बिघाड नाही" अशी चिठ्ठी आणि तपासणीचं बिल, दोन्ही मिळालं. नवरा म्हणाला, "घरात काढलेले फोटो तर छान येतात की तुझे." तेव्हा मला राग आला होता, पण निदान त्या वाक्यातच होतं. घरात भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राची बारीक अक्षरंही वाचता येत होती. लेन्स ठणठणीत होती. खाडीवर गेलं की बिघडायची.

आधी रोग कोणता ते बघा

इलाज वेगवेगळे आहेत, म्हणून आधी पाच मिनिटांची ही तपासणी करा. खाडीत कोळ्यांनी रोवलेले खुंट असतात. तळ्याकाठी असाल तर एखादी सूचनापाटी किंवा वाळकी फांदी चालेल. पक्षी जेवढ्या अंतरावर आहेत साधारण तेवढ्याच अंतरावरची, न हलणारी वस्तू निवडा. कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर बंधाऱ्याच्या कठड्यावर पिशवी ठेवून तिच्यावर टेकवा, १/२००० ठेवा, आणि एका दमात दहा फोटो काढा. घरी येऊन ते दहाही शंभर टक्क्यांवर मोठे करून शेजारी शेजारी बघा.

दहाही फोटो सारखेच सॉफ्ट असतील तर फोकस चुकतोय किंवा लेन्समध्ये काहीतरी आहे. खुंटाच्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या, दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हलतोय. आणि प्रत्येक फोटोत खुंटाचा आकार निराळा असेल, एकात मधेच वाकलेला, दुसऱ्यात वरून पसरट, तिसऱ्यात बऱ्यापैकी सरळ, तर ती हवा. आपल्या खाडीवर हे तिसरं उत्तर येतं. मी ज्या ज्या लोकांना ही तपासणी करायला लावली त्यांच्यापैकी बहुतेकांचं तेच आलं.

हवा हे का करते हे थोडं नीट सांगते, कारण ते कळलं की पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत. गरम हवा विरळ असते, गार हवा दाट. प्रकाश एकीतून दुसरीत जाताना किंचित वाकतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाणी चमकल्यासारखं दिसतं, तो याच खेळाचा मोठा अवतार. खाडीत ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो, त्याच्यावर ऊन पडलं की तो भराभर तापतो आणि त्याच्या अंगालगतची हवा वर उठू लागते. साध्या डोळ्यांना काही जाणवत नाही. पण ६०० मिमीची लेन्स दीडशे मीटर हवेचा थर ओलांडून बघत असते, तिला ते सगळं जाणवतं.

उन्हाळ्यात हे समजण्यासारखं आहे, हिवाळ्यात का, असं मला वाटायचं. पण हिवाळ्यातच पहाट आणि दुपार यांच्यातला फरक मोठा असतो. शिवाय एक उलटा प्रकारही घडतो. जानेवारीत पहाटेची हवा गार असते, खाडीचं पाणी मात्र तिच्यापेक्षा कोमट. मग चिखल तापायच्या आधीच, सूर्य उगवण्यापूर्वीसुद्धा, पाण्यालगत हवा थरथरत असते. म्हणजे "पहाटे गेलं की झालं" हे अर्धंच खरं. वाऱ्याची हलकी झुळूक सुरू झाली, हवा जरा ढवळली गेली की तेवढ्यापुरतं बरं होतं. पातळ ढग आले तर अजून चांगलं. फोटोवाले ढगाळ सकाळी घरी झोपतात. मी त्या सकाळी निघते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: शटर स्पीड वाढवून हवेची थरथर जात नाही. पक्ष्याची हालचाल थांबते, तुमच्या हाताचा कंप थांबतो, पण प्रकाश तुमच्यापर्यंत पोहोचेतोवर आधीच वाकडा झालेला असतो. वाकलेला प्रकाश तुम्ही १/४००० सेकंदात टिपलात तरी वाकलेलाच टिपाल.

खरा इलाज: मधली हवा कमी करा

म्हणजे जवळ जा? नाही. पक्ष्यांना जवळ येऊ द्या. आणि त्यांना जवळ आणण्याचं काम भरती करते.

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. क्षेत्र साधारण १,६९० हेक्टर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा. काठावर तिवरांची भिंत, तिच्यापलीकडे चिखलाचं मैदान आणि मधोमध पाणी, अशी ही रचना. ओहोटीला पाणी मधल्या प्रवाहाकडे सरकतं आणि रोहित त्याच्या कडेकडेने चरत दूर जातात. लहान रोहित पाण्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतो, मोठा रोहित चिखलातले बारीक जीवही गाळून खातो. दोघांनाही पाण्याची पातळ कड हवी असते. ती कड तुमच्यापासून चारशे मीटरवर असेल तर पक्षीही चारशे मीटरवरच असणार. भरती चढू लागली की तीच कड काठाकडे येते, पक्षी तिच्याबरोबर येतात. भरपूर पाणी चढलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, मग ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येतात: टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळचं तळं, डीपीएस शाळेजवळचं तळं. तिथे तेच पक्षी पन्नास-साठ मीटरवर दिसतात, कधी त्याहूनही जवळ.

तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की सूर्य खाली असताना, म्हणजे चिखल तापायच्या आत, भरती चढती कधी असते. हे मी फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शोधत बसायचे. एकदा सासूबाईंनी विचारलं, "रोज रोज त्यात काय बघतेस?" मी म्हटलं, "भरतीची वेळ." त्या हसल्या. त्या करंज्याच्या, उरणकडच्या. लहानपणी ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जायच्या. म्हणाल्या, "अगं, भिंतीवर कालनिर्णय आहे ना? तिथीची पाऊणपट कर. तेवढ्या वाजता पूर्ण भरती."

चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. पहाटेची धरा किंवा दुपारची, दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. हिशेब मिनिटावर जुळत नाही, आणि खाडीत आत ऐरोलीपर्यंत भरती पोहोचायला मुंबई बंदरापेक्षा थोडा उशीर लागतो. पण गजर लावायला एवढं पुरतं.

आता हा हिशेब घेऊन महिन्यातले दिवस तपासा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी भरपूर चढतं, म्हणून अनेक जण तेच दिवस निवडतात. मीही निवडायचे. पण त्या दिवशी पूर्ण भरती अकरा-बाराला आणि पहाटे पाच-सहाला पूर्ण ओहोटी. सात वाजता सुंदर ऊन असतं आणि पक्षी क्षितिजावर. दहाला पक्षी काठाशी येतात तेव्हा चिखल आणि बंधारे तापून हवा उकळत असते. म्हणजे उधाणाच्या नादात मी महिन्यातल्या सगळ्यात वाईट सकाळी उठून जात होते. तीन हिवाळे!

अष्टमी-नवमीला भरती पहाटे सहा-पावणेसातला. वेळ उत्तम, पण तो भांगाचा काळ. पाणी जेमतेम चढतं, बराच चिखल उघडाच राहतो आणि पक्ष्यांना काठाशी किंवा तळ्यांवर यायची गरज पडत नाही.

मधले दिवस कामाचे: एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. भरती सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान, आणि पाण्यात भांगापेक्षा जोर आलेला. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे उगवल्यापासून पुढचे एक ते अडीच तास पाणी तुमच्याकडे चालत येत असतं, पक्षी त्याच्याबरोबर पावलापावलाने जवळ सरकत असतात, आणि चिखल पाण्याखाली जात असल्यामुळे तापायलाच उरत नाही. दोन्ही पक्ष धरून महिन्यात अशा सहा सकाळी मिळतात. मी कार्यालयीन रजा आता त्या बघून टाकते. एकादशीला ताई रजेवर, म्हणजे उपास कडक दिसतोय, असं ऑफिसात म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून जी बोटीची फेरी निघते तिच्या वेळा भरतीवरच ठरतात, कारण ओहोटीला बोट चालायला पाणी नसतं. तिथे तिकीट काढतानाही तिथी बघून सकाळची फेरी मिळते का ते पाहा. दुपारी बाराची फेरी मिळाली तर जा जरूर, रोहित बघायला मिळतील, पण फोटोंची आशा ठेवू नका. आणि बोटीत कोपर कठड्यावर टेकवू नका. इंजिनाचा कंप कठड्यातून कोपरात, कोपरातून लेन्समध्ये येतो. उभं राहून, गुडघे किंचित वाकवून, हात अंगाशी धरून फोटो काढा. हा कंप वर सांगितलेल्या दहा फोटोंच्या तपासणीत दुहेरी कडांच्या रूपात दिसतो, आणि इथे मात्र शटर स्पीड खरंच कामाला येतो.

पूर्वेला उभं राहायचं की पश्चिमेला

नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला आहे. आपण पश्चिमेकडे तोंड करून बघतो, म्हणजे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, जरा डावीकडे. पक्ष्यावर समोरून ऊन पडतं, पंखांखालची लाली दिसते. संध्याकाळी तोच सूर्य डोळ्यांत. पलीकडे भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या बाजूला बरोबर उलट. ठाण्याचे काही मित्र संध्याकाळी नेरूळला येतात आणि पक्षी काळे येतात म्हणून तक्रार करतात. त्यांनी कोपरीवरून भांडुपला जावं, किंवा काळे पक्षी हवेत असंच ठरवून यावं. मावळतीच्या पाण्यावर रोहितांच्या छायाकृती फार सुंदर येतात आणि छायाकृतीत पिसं दिसायची नसल्यामुळे थरथरही बरीच माफ असते.

तुम्हीच तयार केलेली गरम हवा

हे मला फार उशिरा कळलं, म्हणून जरा जास्त सांगते. थंडी वाजते म्हणून लोक गाडीत काचा लावून बसतात आणि पक्षी आला की एक काच खाली करून लेन्स बाहेर काढतात. आतली कोमट हवा त्याच खिडकीतून बाहेर वाहू लागते, नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून. शंभर मीटरवरची थरथर नुसती पिसं खाते, लेन्ससमोरच्या या एका फुटाने सगळा फोटो खाल्ला जातो. गाडीतूनच काढायचे असतील तर इंजिन बंद, चारही काचा खाली, आणि दहा मिनिटं गप्प बसा. बॉनेटवरून तर काढूच नका, ते तासभर तापलेलं असतं. (पाम बीच रस्त्यावर गाडी थांबवून खिडकीतून फोटो काढणारे मी पाहिलेत. त्यांच्या फोटोंपेक्षा मला त्यांच्या जिवाची काळजी वाटते.)

लेन्सचंही तेच. उबदार खोलीतून किंवा गाडीतून काढलेली लेन्स लगेच लावली तर तिच्या हूडमध्ये गरम हवेचा भोवरा साचतो. मी पोहोचल्यावर बॅगेची चेन उघडून ठेवते आणि वीसेक मिनिटं दुर्बिणीने पक्षी बघते. तेवढ्यात कुठला थवा कुठे आहे तेही कळतं. एसीतून थेट खाडीच्या दमट हवेत काढलीत तर काचेवर वाफ धरते, ती पुसू नका, आपोआप जाऊ द्या.

आडवं पडून, पाण्याच्या पातळीवरून फोटो काढायची फॅशन आहे. जवळच्या पक्ष्याला ते छान दिसतं. पण थरथर जमिनीलगत सगळ्यात जास्त असते. आडवं पडलात की तुमचा प्रकाश पूर्ण अंतर त्याच थरातून येतो. वीस मीटरवरच्या तुतवारासाठी (काठावरचा छोटा पाणपक्षी) पडा आडवे. दीडशे मीटरवरच्या रोहितासाठी उभे राहा, बंधाऱ्यावर चढा, एक-दोन मीटर उंचीनेही फरक पडतो.

आणि जमली नाहीच हवा, तर एका फोटोवर विसंबू नका. पक्षी मान वर करून स्थिर उभा राहिला की वीस-पंचवीस फोटोंची झड सोडा. थरथर क्षणाक्षणाला बदलते, त्यातला एखादा क्षण निवळलेला असतो. बाकीचे घरी जाऊन बिनदिक्कत पुसून टाका.

तपासणीत हवा निर्दोष सुटली असेल तर

दहाही फोटो एकसारखे सॉफ्ट आले असतील त्यांच्यासाठी. पहिली शंका बुरशीची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात पडून असते, पावसाळी हवेत आतल्या काचेवर बुरशी धरते आणि डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बाहेर निघते तेव्हा फोटो धुरकट येतात. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती साफ करून घ्या, आणि पुढच्या पावसाळ्यात झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. दुसरी शंका पुढच्या स्वस्त फिल्टरची. एक फोटो लावून, एक काढून, फरक लगेच कळतो.

फोकसबद्दल लोक उगीच जास्त घाबरतात. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमी, एफ ६.३, आणि पक्षी शंभर मीटरवर असेल तर साधारण दहा मीटरचा पट्टा फोकसमध्ये असतो. थव्यातल्या शेजारच्या पक्ष्यावर फोकस गेला म्हणून तुमचा पक्षी सॉफ्ट आला, हे इतक्या अंतरावर घडत नाही. फोकस मागच्या तिवरांवर गेला तर गोष्ट वेगळी, तेव्हा एकच छोटा फोकस बिंदू ठेवा. वीस मीटरवर मात्र तो पट्टा जेमतेम चाळीस सेंटिमीटरचा होतो, तिथे चोचीवर फोकस आणि शेपूट सॉफ्ट, हे घडणारच. तळ्यातल्या जवळच्या थापट्या बदकांचे फोटो काढताना एफ ८ ठेवते मी, म्हणजे फोकसचा पट्टा जरा रुंद होतो.

पांढऱ्याची समस्या वेगळी, पण लोक तिलाही सॉफ्टच म्हणतात. गडद तिवरांसमोर बगळा उभा असेल तर कॅमेरा गडद भाग बघून फोटो उजळ करतो आणि बगळा जळून सपाट पांढरा होतो. पिसं असतात, तपशील उडालेला असतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली घ्या. चमकत्या पाण्यावर पाणकावळा असेल तर उलट, वर घ्या. डिसेंबर-जानेवारीतला धुरकटपणा हा आणखी एक निराळा प्रकार. रात्री जमिनीलगतच्या गार हवेत शहराचा धूर अडकून राहतो आणि फोटो राखाडी येतात. त्यात तपशील असतो, फक्त कॉन्ट्रास्ट नसतो. एडिटिंगमध्ये काळा रंग जरा खाली ओढा, डिहेझ थोडं वाढवा. शार्पनिंग वाढवू नका, धुरापेक्षा तेच जास्त दिसतं.

एआयने शार्प करून देणारी सॉफ्टवेअर वापरून बघितली आहेत. ती थरथरलेल्या फोटोत पिसं काढून देतात, फक्त ती त्या पक्ष्याची नसतात. एकदा एका मित्राने तुतवाराचा फोटो ओळखायला पाठवला. पंखावर अशी काही नक्षी होती की आम्ही दोन दिवस पुस्तकं चाळली. मग त्याने मूळ फाइल पाठवली. पंखावर काहीच नव्हतं.

जवळ जाण्याचा मोह

पक्षी शंभर मीटरवर असले की चिखलात उतरून पन्नास मीटर वाचवावेसे वाटतात. उतरू नका. एकतर तो चिखल गुडघ्यावर थांबत नाही. दुसरं, तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं तुमच्या बुटाखाली मोडतात. आणि तिसरं फोटोवाल्याच्या स्वार्थाचं: रोहितांचा थवा चरणं थांबवून माना वर करतो आणि सगळे एकाच दिशेने चालू लागतात, तेव्हा ते उडायच्या तयारीत असतात. एकदा उडाले की ती सकाळ तुमची आणि काठावरच्या बाकी सगळ्यांचीही संपली. उडवून फोटो काढणारेही आहेत. त्यांच्या फोटोंत सगळ्या पक्ष्यांची पाठ असते, बघा कधी नीट. काठावर बसून राहिलात, हालचाल कमी ठेवलीत, तर चढतं पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलतं. एका द्वादशीला चाणक्यच्या बाजूला मी पाऊण तास बसले होते. मालगुजांचा (लांब चोचीच्या पाणपक्ष्यांचा) एक थवा चोची चिखलात खुपसत इतका जवळ आला की लेन्सचं किमान फोकस अंतरच आडवं आलं. एकही फोटो निघाला नाही, पण हवेला दोष देता आला नाही एवढं खरं.

रविवारच मोकळा असेल आणि तिथी वाईट निघाली तर

बहुतेकांचं असंच असतं. समजा रविवारी पंचमी आली. भरती पावणेचारला होऊन गेलेली, दहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळभर पाणी आणि पक्षी तुमच्यापासून लांब जाताहेत. त्या दिवशी रोहितांच्या मागे लागू नका. ६०० मिमी घेऊन तिवरांच्या कडेच्या ओहोळांकडे बघा. ओहोटीचं पाणी तिथून निथळत असतं आणि त्यात अडकलेल्या माशांवर वंचक, खंड्या आणि लहान बगळा टपून बसलेले असतात, दहा-पंधरा मीटरवर. इतक्या कमी अंतरात हवेला खोडी काढायला फारसा वाव नसतो. मागच्या पंचमीला मी एका वंचकाचे सव्वादोनशे फोटो काढले. तो चिखलाच्या रंगाचा होऊन बसला होता, माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हता, आणि त्याच्या पिवळ्या डोळ्याभोवतीची कड अन् कड आली आहे. लेन्स तीच, दुरुस्तीवरून आलेली, काहीच बिघाड नसलेली.